क्राकोव्हियाची हॉकी टीम विसरलात का?
१९४८ नंतर क्राकोव्हियाने (पोलंडच्या क्राकोव्ह शहरातला क्लब) पोलंडची फुटबॉल लीग जिंकलीच नाही म्हणून क्लब संपला असं काही जण म्हणतात, ते फुटबॉलपुरतं ठीक, पण त्याच क्लबची आइस हॉकी टीम १९४९ ला चॅम्पियन झाली, मग तब्बल ५७ वर्षं ठणठणगोपाळ आणि २००६ ला परत टायटल, त्यानंतर तर २०१७ पर्यंत धडाकाच लावला पोरांनी.

आणि घसरण का झाली तेही बघा ना. कम्युनिस्ट राजवटीत क्लब सरकारी खात्यांना जोडले, शेजारच्या विस्वा क्लबला पोलिसखातं मिळालं आणि यांच्या वाट्याला शहराचं ट्राम-बस खातं, नावसुद्धा काही वर्षं ओग्निवो करून टाकलेलं! आता पोलिसांपुढे ट्रामवाल्यांचं काय चालणार, पैसा आणि वशिला सगळा तिकडेच.