अनुभव धागा: जहाज ॲमस्टरडॅमला लागलं तेव्हा

बेळगावात समुद्र नाही. मलप्रभा आहे, घटप्रभा आहे. तरी खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं जहाजावर आहेत. गल्लीत त्यांच्या पगाराची चर्चा होते. कुठल्या बंदरात उतरले, काय बघितलं, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज एकच शहर घेऊया, कालव्यांचं ॲमस्टरडॅम. जाऊन आलेल्यांनी लिहा, घरच्यांनीही लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

खानापूर, एबी

शहराआधी लॉकबद्दल सांगतो. आयमाउडनला समुद्र संपतो आणि १८७६ साली खुला झालेला, ॲमस्टरडॅमला नेणारा नॉर्थ सी कॅनॉल सुरू होतो. तोंडावर लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला पाण्याचा कप्पा. २०२२ मध्ये सुरू झालेलं नवं लॉक ५०० मीटर लांब, ७० मीटर रुंद आहे. बाहेर भरती-ओहोटी, आत पाणी जवळजवळ एकाच पातळीवर धरलेलं. मी एबी, म्हणजे डेकवरचा कुशल खलाशी, पुढच्या दोरांवर होतो. जहाज आत शिरलं, मागचं दार लागलं आणि डोलणं थांबलं. मग दोन्ही काठांना गवत, सायकलवाले, आणि आमचा डेक त्यांच्या घरांच्या छपरांहून उंच! माझे आजोबा मोट हाकायचे. माणसाने एवढं पाणी कसं आवरून धरलंय, हे त्यांना दाखवायला हवं होतं.

निपाणी, चीफ कुक

मी सरळ आल्बर्ट काउप बाजार गाठला. मासे, चीज, फुलं, सगळं रस्त्यावर मांडलेलं. जवळच एका सुरिनामी खानावळीत रोटी मिळाली. सोबत बटाटा, चवळीसारख्या लांब शेंगा, उकडलेलं अंडं. मालकीणबाई भोजपुरी वळणाचं बोलत होत्या, मला बरंचसं कळलं. १८७३ पासून कलकत्त्याहून जहाजं भरभरून मजूर सुरिनामच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीच्या, मळ्यांवर नेले, त्यांच्यातले यांचे पूर्वज. १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र झालं, त्या सुमारास हजारो कुटुंबं हॉलंडला आली. मी तिखट मागितलं, तर त्यांनी पिवळ्या मिरचीची चटणी पुढे केली. संकेश्वरी मिरचीवर वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं बघा. त्यांनी माझं गाव विचारलं, मी त्यांचं. पूर्वज कुठल्या गावातून निघाले, ते त्यांच्या घरात आता कोणालाच माहीत नाही. पाच पिढ्या टिकलेली रोटी, आणि गावाचं नाव तेवढं हरवलेलं. त्या दिवशी मी गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, परत आलो तेव्हा घरी फोन लावून आजीकडून आमच्या घराण्याची नावं लिहून घेतली.

शहापूर, सेकंड इंजिनिअरची बायको

मला ते शहर फोनमधूनच माहीत. पुलावर उभे राहून हे बोलत होते, मागे ट्रामची घंटा वाजत होती. इंजिनरूममधून बोलतात तेव्हा आवाज थकलेला असतो, त्या दिवशी नव्हता. एवढंच लिहायचं होतं.

अनगोळ, निवृत्त बोसन (डेकवरच्या खलाश्यांचा मुकादम)

आमच्या वेळी पोती, पेट्या क्रेनने एकेक उतरायच्या, मुक्काम लांबायचा, शहर पायी पालथं घालता यायचं. लोक मला दे वालेनबद्दल, म्हणजे तिथल्या वेश्यावस्तीबद्दल, डोळे मिचकावून विचारतात. खिडक्यांतल्या त्या बायकांकडे बोट दाखवत हिंडणारी गर्दी मला तेव्हाही आवडली नाही. त्या गल्ल्यांच्या मधोमध १३०६ साली अभिषेक झालेलं ओउडे केर्क हे चर्च आहे. उत्तर ध्रुवाकडून आशियाची वाट शोधायला निघून १५९६ च्या हिवाळ्यात बर्फात अडकलेला डच दर्यावर्दी हीम्सकेर्क तिथे पुरलाय. खलाश्याने तिथे जावं.

चिकोडी, थर्ड मेट (जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी)

बोसनमामा, आता कंटेनर जहाज काही तासांत रिकामं होतं. त्यात वॉच म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या, तपासण्या, कागदपत्रं. एका जहाजावर कॅप्टनने आम्हाला उतरूच दिलं नाही. शहराचे दिवे डेकवरून पाहिले. सागरी कामगार करार, २००६ प्रमाणे शोअर लीव्ह, म्हणजे बंदरात उतरायची सुट्टी, हा आपला हक्क आहे. नव्या पोरांनो, हे माहीत असू द्या आणि नम्रपणे मागा.

अथणी, एका कॅडेटची आई

माझा मुलगा पहिल्यांदाच तिकडे चाललाय. व्हिसा नसला तर उतरू देतात का हो?

खानापूर, एबी

देतात, काकू. क्रू लिस्टमध्ये नाव असलं आणि तिथल्या अधिकाऱ्यांची तपासणी झाली की बंदराच्या गावात आणि लगतच्या गावांत फिरता येतं, त्यापलीकडे नाही. सेंट्रल स्टेशनच्या मागून फेरी सुटते, ती फुकट आहे. लाल रंगाच्या वाटेवर चालू नको म्हणावं, ती सायकलींची असते, आणि ते लोक थांबत नाहीत.