शिवण आपली आहे हे ओळखू येतं का? किनाऱ्यावरच्या शिलाईवाल्यांचे अनुभव

गुहागर (धागा काढणारी)

गेल्या महिन्यात चिपळूणहून एसटीने येत होते. पुढच्या सीटवर एक बाई, मोरपिशी ब्लाऊज, मागे पानगळा. बघता बघता लक्षात आलं, हा ब्लाऊज माझा. गळ्याच्या उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीचं टोक मी डाव्या खांद्याच्या शिवणीत दडवते. का, ते मलाही सांगता यायचं नाही, हाताला सवय. चारपाच वर्षांपूर्वीचं काम असावं. बाईंनी मला ओळखलं नाही, मीही बोलले नाही. मग घरी येईपर्यंत हाच विचार, की आपल्या कामाला आपली अशी काही खूण असते का? आणि ती कधी येते?

लिहा सगळ्यांनी. दर, उधारी, बिघडलेली कापडं, सगळं चालेल. फक्त ‘मेहनतीला फळ मिळतंच’ हे नको, ते आपल्याला कॅलेंडरवर मिळतं.

माझं सांगते. पहिली सहा वर्षं मी नुसते गळे गोळा केले. गिऱ्हाईक फोनवर फोटो दाखवायचं, मी तसाच कापायची. मग एक मासेविक्रीवाली मावशी आली. म्हणाली, “गळ्याचं काय ते तू बघ. माझा हात टोपलीला गेला की पोलकं वर चढतं, तेवढं थांबव.” मी मुंढा (बाही जोडायचा बगलेकडचा काप) अर्धा इंच आणखी खोल केला, म्हटलं हाताला जागा मिळेल. झालं उलटंच, पोलकं जास्तच चढायला लागलं. तिसऱ्या वेळी आजीची जुनी गाठीची चोळी ट्रंकेतून काढली आणि उलटी करून पाहिली. बगलेखाली तळहाताएवढा चौकोनी तुकडा जोडलेला, आणि मुंढा बगलेला अगदी लागून. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मुंढा खोल असला की हात उचलताना अख्खा ब्लाऊज सोबत ओढला जातो. तो वर ठेवायचा आणि बाहीला रुंदी द्यायची, म्हणजे हात एकटा उठतो. आता माप घेताना मी प्रत्येकीला दोन्ही हात वर करायला लावते. नवरीमुलीसुद्धा हसतात, पण करतात.

चिपळूण

ताई, डावा खांदा वाचून मी माझे ब्लाऊज काढून बघितले. माझं टोक बरोबर मानेच्या मध्यावर. आता दिसतंय, वाईट दिसतंय!

माझा अनुभव २२ जुलै २०२१ चा. दुकान बाजारपेठेत, तळमजल्याला. वाशिष्ठीचं पाणी पहाटे शिरलं ते खांद्याच्या वर गेलं. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं तर कपडे कुठले आणि चिखल कुठला, कळेना. एकतीस बायकांचं कापड माझ्याकडे होतं, त्यात तीन पैठण्यांचे ब्लाऊजपीस. मोटरच्या मशीनची मोटर गेली. जुनी पायमशीन मात्र रॉकेलने तीनदा धुतली, उन्हात ठेवली, तेल पाजलं, तशी चालू झाली. अजून चालते. बॉबिन केसमध्ये बोट घातलं की कधीकधी बारीक रेती लागते, कुठून येते देव जाणे.

खरं रडू आलं ते मापाच्या वहीसाठी. बारा वर्षांची मापं होती, लगदा झाला होता. पण पुढचं ऐका. दिवाळीच्या आधी सगळ्यांची मापं नव्याने घ्यायला लागले तेव्हा कळलं, मी कितीतरी जणींना सातआठ वर्षं जुन्या मापाचे ब्लाऊज देत होते. बाळंतपणं झाली, थायरॉइड झाले, एक जण पडली आणि तिचा खांदा कायमचा खाली गेला. आणि या बायका दर वेळी “जरा घट्ट होतंय गं, माझंच वजन वाढलंय” म्हणत घेऊन जात होत्या. आता वही आहे, पण प्रत्येक मापापुढे तारीख. वर्ष उलटलं की ते माप रद्द.

कापडाची भरपाई निम्म्या जणींनी घेतली नाही. निम्म्यांना हप्त्याने दिली. ज्यांनी घेतली त्यांचा राग नाही, त्यांच्याही घरात पाणी होतंच.

श्रीवर्धन

दर लिहिते, कारण दर कोणी लिहीत नाही. साधा ब्लाऊज २५०, अस्तराचा ४५०, प्रिन्सेस कट ६००. फॉल-पिको १२०. नातेवाइकांना तेच दर. यामुळे दोन नणंदा दुसरीकडे शिवायला लागल्या. संसार सुखाचा चाललाय.

निसर्ग वादळ आलं (३ जून २०२०) तेव्हा पत्रे गेले, वीज किती दिवस नव्हती ते विचारू नका. पायमशीन विकू नका एवढंच सांगेन.

दापोली

मी इथे लहान आहे सगळ्यांत, चुकलं तर सांभाळून घ्या. आयटीआयचा शिवणाचा एक वर्षाचा कोर्स केलाय. मला वाटतं आपली खूण, आपली स्टाइल वगैरे गोष्टी दहा वर्षं झालेल्यांना परवडतात. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ते फोटो घेऊनच येतं. “असंच पाहिजे.” मी ‘हे तुम्हाला शोभणार नाही’ म्हटलं तर ते समोरच्या दुकानात जाईल.

पीएम विश्वकर्मा योजनेत (१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली) अठरा व्यवसायांत आपलाही आहे हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोजचे ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदत असते.

आता माझी चूक. सिल्कचं कापड होतं, त्यावर मोर. कापड वाचवायच्या नादात पुढचे भाग सरळ बेतले आणि पाठ उलटी. शिवून, हुक लावून, इस्त्री करून हँगरला टांगला तेव्हा दिसलं की पुढचे मोर उभे आणि पाठीवरचे सगळे शीर्षासनात. रात्रभर झोप नाही. सकाळी बाईंना खरं ते सांगितलं आणि कापडाचे पैसे दिले. त्यांनी ब्लाऊजही नेला. लग्नात घातला म्हणे, वर पदर असतो, कोण बघतंय!

सावंतवाडी

बायकांच्या धाग्यात आलोय, पण मीही मशीनवरच बसतो. वडिलांपासूनचा धंदा, जेंट्स टेलर. पूर्वी दिवाळीला दुकानात कापडाचे गठ्ठे छताला लागायचे. तयार पँटी आल्या आणि आमच्याकडे राहिलं काय, तर पाय आखूड करणे आणि चेन बदलणे.

मला वाचवलं ते दशावतारानं. आमच्याकडे जत्रा सुरू झाल्या की कंपन्या रोज एका गावात, रात्रभर नाटक. एक स्त्रीपार्टी नट आला ब्लाऊज घेऊन. लेडीज टेलरकडून शिवलेला, सुंदर होता, पण दुसऱ्या प्रयोगालाच पाठ फाटलेली. मी म्हटलं, मला काय कळतंय ब्लाऊजमधलं? तो म्हणाला, “म्हणानच तुझ्याकडे इलंय. त्येंका बायलमाणसाचा आंग म्हाईत, माजा नाय.”

विचार करा, काय अवघड काम आहे. खांदे पुरुषाचे, पाठ रुंद, आणि दिसायला हवी नाजूक बाई. त्यातून तो पेट्रोमॅक्सच्या काळातल्या बाप्यांसारखा खणखणीत गातो, म्हणजे श्वास घेतला की छाती दोन इंच फुगते. मापं मी त्याला पद म्हणायला लावून घेतली. पाठीचा भाग शर्टासारखा बेतला, खांद्यावर जोड देऊन. पुढून मात्र ब्लाऊज, टक्स कमी आणि उरलेला आकार आतल्या पॅडने. हुक पुढे न ठेवता बाजूला, कारण पुढे दागिने अडकतात. अस्तर सुती आणि सुटं, फक्त टाचलेलं, म्हणजे घामानं आणि रंगानं माखलं की काढून धुता येतं. बाहीची किनार मी हातानेच तुरपतो. मशीनची शिवण रंगमंचाच्या उजेडात चमकते आणि ताठ दिसते.

आता चार-पाच जणांचं काम करतो. पैसे फार नाहीत, जत्रांचा हंगाम संपला की परत चेनी. पण प्रयोगाला मागे उभा राहून बघतो तेव्हा ती बाई पदर सावरते आणि मला दिसतो माझा शर्टाचा जोड. दापोलीच्या मुलीला सांगेन, फोटो आणणारं गिऱ्हाईक वाईट नव्हे. फोटोतली बाई आणि समोरची बाई यांत जो फरक असतो तो भरून काढायचे पैसे आपल्याला मिळतात.

मालवण

दादा, सुटं अस्तर ही कल्पना उचलली. माझ्या कफ्तानांना वापरणार.

मी खारी हवा आणि पाऊस यावर लिहिते, कारण देशावरचे लोक विचारतात की तुमचे कपडे एवढे महाग का. पावसात पायमशीनचा चामडी पट्टा ओल खाऊन ढिला पडतो, तो पाव इंच कापून पुन्हा तारेने जोडायचा. दिवाळीनंतर कोरडा झाला की तोच आखडतो आणि मशीन जड चालते. सुईवर एका रात्रीत गंज, आणि तो गंज पांढऱ्या कापडावर प्रत्येक टाक्याला तपकिरी ठिपका सोडतो. तेलाच्या फडक्यात सुया ठेवायच्या, पण मग तेलाचा डाग, म्हणून पहिले दहा टाके चिंधीवर. कपाटात बल्ब लावून ठेवते. तरी श्रावणात एखाद्या साडीवर बुरशी येतेच.

आणि सुती कापड भिजवल्याशिवाय कात्री नाही. गिऱ्हाइकाला घाई असते, कापड चार दिवस वाळत नाही, फॅनखाली टांगून ठेवते. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि अख्ख्या छातीवर सुरकुत्या. हे एकदा झालंय, माझ्याच बहिणीच्या साखरपुड्याच्या ब्लाऊजला.

माझी खूण खिसा आहे. ड्रेस, कफ्तान, परकर, सगळ्याला उजवीकडे खिसा, आतलं कापड दुसऱ्याच कुणाच्या तरी ड्रेसचं उरलेलं. तारकर्लीला राहायला आलेल्या एका बाईंनी खिशात हात घालून आतलं कापड बाहेर ओढलं आणि म्हणाल्या, “हे कुणाचं?” मी सांगितलं, आमच्या पोस्टात काम करणाऱ्या ताईंच्या कुर्त्याचं. त्यांना ते इतकं आवडलं की तीन कफ्तानं शिवली. पोस्टातल्या ताई मात्र विचारतायत की माझं कापड उरलं होतं तर परत का नाही दिलं!

कुडाळ

पोस्टातल्या ताई बरोबर आहेत. 😄 उरलेलं कापड पिशवीत घालून परत देणं हीच माझी जाहिरात.

बाकी माझं एकच दुखणं, गणपती. चाकरमानी गाडीत बसल्यावर फोन करतात, “उद्या पोचतोय, दोन ब्लाऊज होतील ना?” वर नव्या सुनांचे ओवशाचे, म्हणजे गौरीपुढे सुपं पुजतात त्या दिवसाचे ब्लाऊज. ते चुकवून चालत नाही, पहिला ओवसा एकदाच. म्हणून नागपंचमीला दारावर पाटी लावते, ‘गणपतीच्या ऑर्डरी बंद’. पाटी वाचून लोक आत येतात आणि विचारतात, ऑर्डरी बंद का?

रत्नागिरी, सध्या डोंबिवली

मी शिवत नाही, शिवून घेते. चालेल ना?

आमच्या आळीत एक काकू आहेत. कॉलेजात असताना मी त्यांच्याकडे झालरींचा, मोठ्या बाह्यांचा ड्रेस मागितला होता. काकूंनी टेप गळ्यात टाकला, मला दोन पावलं मागे जायला सांगितलं आणि बराच वेळ नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, “तुझे खांदे चांगलेत. ते कशाला झाकतेस? बाहीला काही नको, रंग गडद घे.” मी चिडले, रडले, आईने त्यांचीच बाजू घेतली. तो गडद निळा ड्रेस मी झिजेपर्यंत वापरला. अजूनही दुकानात गेले की हात आपोआप झालरी सोडून पुढे जातो.

नोकरीला लागल्यावर इथल्या एका मोठ्या दुकानात ब्लाऊज शिवला, तीनपट पैसे देऊन. मशीनवर काढलेली सुबक शिवण, पण बसले की पाठीत चोळामोळा. त्या दुकानात माझं माप उभ्यानेच घेतलं होतं. काकू स्टुलावर बसवून पण घेतात. हे आत्ता हा धागा वाचताना कळतंय, तेव्हा वाटायचं, त्या दमल्यात म्हणून मला बसवतात.

आता वर्षातून दोनदा कोकणकन्येने कापड घेऊन जाते. काकू सत्तरीच्या पुढे गेल्यात, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय. कात्री अजून चालते, मशीन चालते, पण सुईत दोरा जात नाही आणि कुणाला सांगायचंही नाही. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी गप्पा मारायच्या निमित्ताने बसते आणि दहा-बारा सुयांत दोरे ओवून उशीत खोचून ठेवते, पांढरे जास्त, दोन काळे, एक लाल. त्या बघतात, बोलत नाहीत.

मे महिन्यात गेले तेव्हा लाल तशीच होती.