मदत हवी आहे: डेबियन १२ (लिनक्स) वर पीपीपीओई (नाव-पासवर्डने इंटरनेट जोडायची पद्धत) जोडतं, पण हॉटस्पॉटवरचे फोन अडकतात

देवगडजवळच्या वाडीत फायबर आहे. विजेने राउटर जळाला, त्यामुळे ब्रिज मोडमधल्या (स्वतः लॉगिन न करता जोडणी पुढे देणाऱ्या) ओएनटीची, म्हणजे फायबरच्या डब्याची, लॅन वायर थेट लॅपटॉपला लावली आहे. 'पीपीपीओईकॉन्फ' या प्रोग्रामने जोडणी होते, आयपी मिळतो, पिंगही चालतो. पण बँकेची आणि सरकारी अर्जांची पानं अर्ध्यावर थांबत होती.

कारण एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार. पीपीपीओईच्या ८ बाइटमुळे १५०० चे १४९२ होतात हे ठीक, पण इथे पाकीट न तोडता पिंग केलं तर १४२४ बाइटपर्यंतच जातं. आयपी-आयसीएमपी हेडरचे २८ बाइट मिळवले की १४५२. याच जोडणीच्या 'डीएसएल-प्रोव्हायडर' फाइलीत तेवढा एमटीयू लिहिल्यावर लॅपटॉपवर सगळं उघडतं.

लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवरचे फोन मात्र अजून अडकतात, कारण ते स्वतःचा एमएसएस (एका पाकिटात हेडर सोडून मावणारा डेटा) १४६०च सांगतात. (वाडीतल्या मुलांचे प्रवेशअर्ज याच जोडणीवर भरायचे आहेत, म्हणून घाई.)

एनएफटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) फॉरवर्ड साखळीत, म्हणजे पुढे जाणाऱ्या पाकिटांच्या नियमांत, एमएसएस थेट १४१२ (१४५२ वजा हेडरचे ४०) करावा, की मार्गाच्या एमटीयूवरून ठरू द्यावा? शिवाय एनएफटेबल्सच्या मूळ फाइलीत सुरुवातीलाच सगळे नियम पुसणारी ओळ असते. सेवा पुन्हा सुरू केली की नेटवर्कमॅनेजरने (हॉटस्पॉट चालवणाऱ्या प्रोग्रामने) हॉटस्पॉटसाठी केलेले नियमही जातात. ती ओळ काढून फक्त आपलं वेगळं टेबल ठेवलं तर चालेल ना? कुणाची चालती फाइल असेल तर कृपया द्या.