टेक्सासच्या कोर्टाचं पत्र आलंय, 'नो कॉन्टेस्ट' म्हणजे नक्की काय?

सायली_के: माझा मावसभाऊ डॅलसजवळ एमएस करतोय, एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर आहे. दुकानातून सव्वाशे डॉलरचं सामान पैसे न देता बाहेर नेलं म्हणून पकडलं, एक रात्र आत होता, मग बॉन्डवर म्हणजे जामिनावर सुटला. कागदावर क्लास बी मिसडिमीनर आणि अरेनमेंटची तारीख लिहिलीय. रूममेट म्हणतात 'नो कॉन्टेस्ट' म्हण, दंड भर, विषय संपला. मावशी कोल्हापुरात, तिला झोप नाही. हे शब्द कुणी समजावून सांगेल का प्लीज?

जुना_डॅलसकर: गुन्ह्यांचे दोन मोठे गट, फेलनी म्हणजे गंभीर आणि मिसडिमीनर म्हणजे त्याहून हलका. पण हलका म्हणून सोडून देऊ नका, टेक्सासमध्ये १०० ते ७५० डॉलरच्या आतली चोरी क्लास बी होते आणि त्याला १८० दिवसांपर्यंत जेल आणि २००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. अरेनमेंट म्हणजे आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात कबूल आहे का, त्याला जे उत्तर देतो ते प्ली. गिल्टी म्हणजे कबूल. नॉट गिल्टी म्हणजे 'मी खोटं बोलतोय' असं नाही हो, त्याचा अर्थ एवढाच की सरकारने सिद्ध करून दाखवावं. आणि नो कॉन्टेस्ट म्हणजे कबूल करत नाही पण लढतही नाही, शिक्षा मात्र गिल्टीसारखीच होते.

मीनल_एच: सायली, त्याला आत्ताच्या आत्ता फोन कर आणि सांग वकिलाशी बोलल्याशिवाय काहीही कबूल करायचं नाही. इमिग्रेशनच्या कायद्यात नो कॉन्टेस्टसुद्धा कन्विक्शन म्हणजे दोषी ठरणंच धरतात. तिथे 'डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन' पण देऊ करतील, म्हणजे आधी गिल्टी किंवा नो कॉन्टेस्ट म्हणायचं, अटी पाळल्या की केस डिसमिस. ऐकायला छान वाटतं, पण राज्याच्या लेखी मिटलं तरी इमिग्रेशनच्या लेखी बहुतेक वेळा ते कन्विक्शनच राहतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने असंच पटकन सही करून टाकली आणि पुढे व्हिसा स्टॅम्पिंगला गेल्यावर अडकला, त्याच्या आईचे ते महिने मी बघितलेत. २०१० च्या पडिला विरुद्ध केंटकी खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की डिपोर्टेशनचा, म्हणजे देशाबाहेर काढलं जाण्याचा, धोका असेल तर आरोपीच्या वकिलाने तो सांगायलाच हवा. म्हणून क्रिमिनल वकिलाला पहिल्याच भेटीत सांगायचं की मी एफ-१ वर आहे, आणि इमिग्रेशन वकिलाचाही सल्ला घ्यायचा.

सायली_के: बापरे, रूममेट्सचं ऐकून तो तयारच झाला होता. पण वकिलाला पैसे नसतील तर? आणि एवढ्याशा केसला ज्युरी बसते?

जुना_डॅलसकर: क्लास बी मध्ये जेल होऊ शकते ना, त्यामुळे परवडत नसेल तर कोर्टाकडे वकील मागता येतो, उत्पन्नाचा फॉर्म भरून द्यायचा. ज्युरी म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक, ती मागू शकतो, काउंटी कोर्टात ६ जण असतात आणि सगळ्यांचं एकमत लागतं. आपल्याकडे ज्युरी १९७३ च्या क्रिमिनल प्रोसिजर कोडनंतर राहिली नाही म्हणून नवीन वाटतं. पण बहुतेक केस तिथपर्यंत जातच नाहीत, वकील आणि प्रॉसिक्युटर म्हणजे सरकारी वकील आधीच तडजोड करतात, त्याला प्ली बार्गेन म्हणतात. चांगला वकील असेल तर गिल्टी न म्हणता केस डिसमिस होण्याचा एखादा मार्ग निघतो का तेही तो विचारेल.

मीनल_एच: आणि तारीख चुकवू नको म्हणावं, गैरहजर राहिला की अटक वॉरंट निघतं आणि बॉन्डचे पैसेही जातात.