क्रॉसलिंकिंगनंतर आकडा हलला नाही?
यवतमाळकडच्या भाऊंनी विचारलंय, क्रॉसलिंकिंगनंतर (केराटोकोनसमध्ये पातळ, शंकूसारखा होत जाणारा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, ताठ करायचा उपचार) हवेच्या झोताच्या चाचणीत हिस्टेरेसिस तेवढाच, मग उपचार फसला का? तसं नाही. हिस्टेरेसिस म्हणजे कॉर्निया झोताची किती ऊर्जा शोषतो ते; थेट ताठपणा नव्हे. डोळ्यातला दाब आणि जाडीही त्यात मिसळते.

या उपचारानं कॉर्निया ४.५ पट ताठ होतो असा जो आकडा फिरतो, तो २००३ चा. मानवी कॉर्नियाच्या कापलेल्या पट्ट्या ताणून काढलेला, ६ टक्के लांबवल्यावर. आधी रिबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व), मग अतिनील-ए किरण, ३ मिलिवॉट प्रति चौरस सेंमी, ३० मिनिटं. पट्टी पाण्यानं फुगली की तोही बिघडतो. जिवंत डोळा असा ताणता येत नाही!

म्हणून टोपोग्राफीच (कॉर्नियाच्या वक्रतेचा नकाशा) बघा. पहिल्या महिन्यात केमॅक्स (कॉर्नियाची सर्वात जास्त वक्रता) थोडा वाढतो, घाबरू नका. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, शक्यतो त्याच मशीनवर, मग नागपूरला जावं लागलं तरी. कापूस वेचताना धुळीनं खाज सुटली तर चोळू मात्र नका.