मदत हवी आहे: गावच्या शाळेला जुने १२ संगणक द्यायचेत, पण हेडसर नको म्हणतात

मंडळी, मी औसा तालुक्यातला, नोकरीला पुण्यात. आमच्या ऑफिसात १२ डेस्कटॉप बदलले. चौथ्या पिढीचे आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम. विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे चढत नाही आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. साहेब म्हणाले, भंगारात घालण्यापेक्षा तुझ्या गावच्या शाळेला ने. मी लगेच जिल्हा परिषद शाळेच्या हेडसरांना फोन लावला.

सर म्हणाले, "नको रे बाबा." मागं कधीतरी आलेले पाच संगणक अजून कोपऱ्यातल्या खोलीत पडून आहेत. चालू एकही नाही, पण डेड स्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढलेत. निर्लेखन, म्हणजे त्या वहीतून नोंद कमी करणं, मंजूर होईस्तोवर फेकता येत नाहीत, आणि बदली झाली की चार्ज देताना माऊससुद्धा मोजून द्यायचा. "तुझे बारा ठेवले तर लेकरं कुठं बसवू?"

आधी रागच आला. मग आठवलं, युरोपातून 'वापरलेला माल' म्हणून घानात जाणाऱ्या आणि तिथं अगबोगब्लोशी नावाच्या भंगारवाड्यात तेव्हा जाळल्या जाणाऱ्या संगणकांबद्दल वाचून मी किती हळहळलो होतो. मीही तेच करतोय का? की यातून काही वाट निघते? शाळेत इन्व्हर्टर नाही, वर पत्रे. उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नाही.

प्रतिसाद (निवृत्त केंद्रप्रमुख): तुमचे हेडसर शहाणे आहेत. दान दिलंत की नोंद आलीच. मालकी माजी विद्यार्थ्यांकडे ठेवा, शाळेला फक्त वापरायला द्या. बंद पडला तर आम्ही परत नेऊ, असं पत्र द्या आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. बाराही नेऊ नका. चार न्या, बाकीचे सुट्या भागांसाठी ठेवा.

प्रतिसाद (लातूर, दुरुस्तीचं दुकान): हार्डडिस्क ऑफिसातच काढून ठेवा, म्हणजे डेटाची कटकट मिटली. १२० जीबी एसएसडी (नवी, वेगवान डिस्क) लावून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका; तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ४ जीबी रॅमवर चालते. पण सगळ्यात आधी शाळेचं अर्थिंग तपासा. संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशा शाळा मी पाहिल्यात. मग मास्तर लेकरांना जवळसुद्धा फिरकू देत नाहीत.

धागाकर्ता: सरांशी बोललो. चारला तयार आहेत. अट एकच: रविवारी येऊन आधी त्या पाचांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव टाइप करून द्यायचा. येताना लॅपटॉप आण म्हणाले.