धर्म सत्तेला वाकवतो की सत्ता धर्माला?

उंटावरचा_शहाणा (धागाकर्ता)

'त्या देशात धर्माचं राज्य आहे' असं आपण सहज बोलून जातो आणि नेमकं राज्य करतंय कोण हे विचारायचं राहूनच जातं. माझं मत सरळ सांगतो, मग झोडपा हवं तेवढं. आजच्या काळात धर्म राज्य चालवत नाही, राज्यच धर्म चालवतं. पगार देतं, माणसं नेमतं, अडचण आली की नियमही बदलतं आणि वर परत 'ही आमची प्राचीन परंपरा' म्हणून मिरवतं.

सगळ्यांचं लाडकं उदाहरण घ्या, इराण. १९७९ च्या क्रांतीनंतर जी घटना आली त्यात सर्वोच्च नेता हा 'मर्जा' म्हणजे अगदी वरच्या दर्जाचा धर्मपंडित हवा अशी अट होती. १९८९ ला क्रांतीचे पुढारी आणि पहिले सर्वोच्च नेते खोमेनी यांच्या जागी खामेनी आले, ते त्या दर्जाचे नव्हते, मग काय, अटच काढून टाकली. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी १९८८ मध्ये खुद्द खोमेनींनी लिहून दिलं होतं की राज्यसंस्था टिकवणं हे नमाज, रोजा आणि हज यांच्याही वरचं आहे. आता सांगा, कोण कुणाला वाकवतंय?

(इथले पक्ष आणि इथल्या निवडणुका कृपया आणू नका, पाचव्या प्रतिसादाला धागा पेटतो आणि बंद होतो.)

खवचट_काका

+१. इंग्लंडात राजा चर्चचा प्रमुख, वरच्या सभागृहात २६ बिशप बसतात, म्हणजे कागदावर बघितलं तर चर्चची काय चंगळ. पण १९२७ ला चर्चने स्वतःचं प्रार्थनेचं पुस्तक सुधारून संसदेकडे पाठवलं तर खासदारांनी ते नाकारलं, १९२८ ला थोडे बदल करून परत पाठवलं, परत नाकारलं. देवाची प्रार्थना कशी करायची याला बहुमत लागलं.

पिंपळपान

उंटावरचे, तुम्ही इराणची गोष्ट क्रांती झाल्यानंतर सुरू केलीत, तिथेच गडबड आहे. थोडं मागे या.

जानेवारी १९७८, कोम शहरात निदर्शकांवर गोळीबार होतो, माणसं मरतात. शिया परंपरेत मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी शोकसभा असते. बरोबर चाळीस दिवसांनी, फेब्रुवारीत, कोमच्या मृतांसाठी गावोगाव लोक जमतात, तबरीझमध्ये दंगल होते, तिथे माणसं मरतात. मग तबरीझच्या मृतांचा चाळिसावा येतो मार्चअखेर, परत लोक रस्त्यावर, परत गोळीबार. शहाकडे, म्हणजे तेव्हाच्या राजाकडे, तेलाचा पैसा होता, सैन्य होतं, सावाकसारखी गुप्त पोलीस यंत्रणा होती जी पक्ष आणि संघटना चिरडण्यात पटाईत होती. पण मयताला जमलेल्या लोकांना अडवायचं कसं? सभेला परवानगी नाकारता येते, शोकाला नाही. पुढची तारीख कुणी पत्रक काढून कळवायचीही गरज नव्हती, ती प्रत्येकाला आधीच माहीत होती.

हे चाळीस दिवसांचं चक्र कुठल्या सरकारने नेमलं होतं? परंपरेला स्वतःची ताकद असते आणि ती सत्तेच्या विरुद्धही उभी राहते, हे तुमच्या मांडणीत कुठेच नाही.

उंटावरचा_शहाणा

उभी राहते, मान्य. पण जिंकल्यावर तीच सत्ता होते ना? आणि मग तिचं तेच होतं जे मी वर लिहिलंय. क्रांती कशी झाली हा माझा प्रश्नच नाही, राज्य कसं चालतं हा आहे.

तुर्कस्तान बघा. ३ मार्च १९२४ ला खिलाफत रद्द केली हे सगळ्यांना माहीत असतं, त्याच दिवशी सरकारी धर्मखातं सुरू केलं, दियानेत, हे कुणी सांगत नाही. इमाम सरकारी नोकर, शुक्रवारचं प्रवचनसुद्धा खात्याकडून तयार होऊन येतं. जो देश 'सेक्युलर' म्हणून आपण शाळेत शिकलो तिथे हे चाललंय. आणि नंतर सरकारचा रंग बदलला तर यंत्रणा तीच, फक्त वापर वेगळा. इस्तंबूलच्या आयासोफिया मशिदीचं १९३४ ला सरकारच्याच निर्णयाने म्युझियम झालं, २०२० ला कोर्टाने तो निर्णय रद्द केला आणि राष्ट्राध्यक्षांच्या सहीने परत मशीद. दोन्ही वेळा वास्तूचं भवितव्य कागदावर ठरलं, भाविकांना कुणी विचारलं?

नको_रे_बाबा

म्हणून तर फ्रान्ससारखं हवं. १९०५ चा कायदा, सरकार कुठल्याच धर्माला मान्यता देणार नाही आणि पैसाही देणार नाही, विषय संपला. उगाच गुंता कशाला करता?

खवचट_काका

@नको_रे_बाबा विषय संपला म्हणता, फ्रान्सच्याच पूर्वेकडच्या आल्सास आणि मोझेलला जाऊन सांगा. १९०५ ला तो भाग जर्मनीकडे होता, त्यामुळे कायदा तिथे लागूच झाला नाही, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सला परत मिळाला तेव्हा स्थानिक लोक म्हणाले आमची जुनी व्यवस्था राहू द्या. आजही तिथे नेपोलियनच्या १८०१ च्या कराराची व्यवस्था चालते आणि कॅथलिक पाद्री, प्रोटेस्टंट पास्टर, ज्यू रब्बाय यांना पगार फ्रेंच सरकार देतं. तेच सरकार जे पैसा देत नाही.

रात्रपाळी

उशिरा येतोय, सगळं वाचलं. तुम्ही दोघं 'धर्म मोठा की राज्य' अशी कुस्ती लावलीय पण बऱ्याच ठिकाणी ना धर्म जिंकलेला असतो ना राज्य, कधीकाळी झालेली एक तडजोड जिंकलेली असते आणि ती मोडायची कुणाची हिंमत नसते.

लेबनॉन. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाईट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया, हे १९४३ च्या समझोत्यापासून चालत आलंय आणि तो समझोता तोंडी होता बरं का. जागांची वाटणी ख्रिश्चन सहा तर मुस्लिम पाच, आधार १९३२ ची जनगणना. त्यानंतर तिथे अधिकृत जनगणना झालेलीच नाही, कारण आकडे बदलले तर वाटणी बदलावी लागेल. पंधरा वर्षांचं यादवी युद्ध झालं, १९८९ ला ताइफ करारात सहा-पाचचं समसमान केलं, पण पंथानुसार वाटायचं हे तत्त्व तसंच राहिलं. इथे श्रद्धा किती आणि कुणाची याला फारसा अर्थच नाही, तुम्ही नास्तिक असलात तरी १८ मान्य पंथांपैकी कुठल्यातरी एका खात्यात जन्मता.

आणि खरा फटका बसतो तो लग्न, घटस्फोट, वारसा यात. लेबनॉनमध्ये लग्न पंथाच्या नियमानेच लागतं, नोंदणी विवाहाची सोय नाही. तिकडे इस्रायलमध्येही लग्न धार्मिक यंत्रणेकडेच, तिथली पद्धत उस्मानी काळापासून आलेली, शिवाय १९४७ ला बेन-गुरियन (पुढे इस्रायलचे पहिले पंतप्रधान) यांनी धार्मिक पक्षाला पत्र देऊन शब्द दिलेला की या गोष्टी तुमच्या पद्धतीने राहतील. मग दोन्ही देशांतली आंतरधर्मीय जोडपी काय करतात, विमान पकडून सायप्रसला जातात आणि परत येऊन नोंद करतात. एकमेकांचे शत्रू देश, लग्नाला मात्र एकच बेट. (हलके घ्या, पण खरं आहे.)

पिंपळपान

रात्रपाळी, हे आवडलं. पण अशी तडजोड का होते? कारण सत्तेला माहीत असतं की तिथे हात घातला तर आपणच पडू. म्हणजे परत माझाच मुद्दा.

आणि उंटावरचे, तुर्कस्तान तुम्हीच आणलंत तर पूर्ण सांगते. १९३२ पासून सरकारने अजान अरबीऐवजी तुर्की भाषेत द्यायला लावली, पुढे अरबीत देणाऱ्याला शिक्षाही ठेवली. यंत्रणा हातात, इमाम पगारी, विरोधी पक्ष नाही, तुमच्या सिद्धांतासाठी यापेक्षा आदर्श परिस्थिती मिळणार नाही. अठरा वर्षं रेटलं. १९५० ला खऱ्या अर्थाने मोकळी निवडणूक झाली, विरोधी पक्षाचे मेंदेरेस निवडून येऊन पंतप्रधान झाले आणि महिन्याभरात अरबी अजानवरची बंदी उठली. जुन्या सत्ताधारी पक्षानेसुद्धा त्याला विरोध केला नाही, कारण त्यांनाही वारं कळत होतं. एक अख्खी पिढी तुर्की अजान ऐकत वाढली तरी ती रुजली नाही.

मधली_सुट्टी

हे 'लोकांनी मतदान केलं की परंपरा परत येते' तरी सगळीकडे कुठे आहे? आयर्लंड बघा. १९३७ च्या घटनेत कॅथलिक चर्चला 'विशेष स्थान' होतं, १९७२ ला सार्वमताने काढलं. घटस्फोटावरची बंदी उठवायचा प्रस्ताव १९८६ ला आपटला, १९९५ ला जेमतेम नऊ हजार मतांनी पास झाला, आणि २०१८ ला गर्भपाताच्या बाजूने ६६ टक्के. तेच लोक, तोच धर्म. चर्चच्या संस्थांमधली मुलांच्या छळाची प्रकरणं मधल्या काळात बाहेर आली हे त्यातलं मोठं कारण. सरकारने काही वाकवलं नाही, उलट राजकारणी लोकांच्या मागून धावत होते.

उंटावरचा_शहाणा

मधली_सुट्टी, चांगला मुद्दा, पण सार्वमत घ्यायचं की नाही हे शेवटी संसदच ठरवते.

पिंपळपान, तुमच्या अजानबद्दल: मेंदेरेसने बंदी उठवली, बरोबर. धर्मखातं बंद केलं का? नाही. इमामांचा पगार सरकारकडून काढून घेतला का? तोही नाही. म्हणजे लोकांना हवी ती भाषा दिली आणि नळ आपल्याच हातात ठेवला. जनतेचा दबाव होता हे मला मान्यच आहे, पण त्या दबावाचं काय करायचं ते परत सत्तेनेच ठरवलं.

पिंपळपान

नळ तुमच्या हातात, पण पाणी कुठलं सोडायचं ते लोक सांगणार, मग मालक कोण हो?

आणि एक राहिलं. १९६० ला लष्कराने मेंदेरेसना खाली खेचलं, १९६१ ला फाशी दिली. सत्तेत आलेले अधिकारी केमालवादी, म्हणजे केमाल अतातुर्कची सेक्युलर धोरणं मानणारे, निवडणुकीची भीती नाही, रणगाडे दारात उभे. तेव्हा तुर्की अजानची सक्ती परत आणली का? नाही आणली. तुमच्या हिशोबाने त्यांना कुणी अडवलं होतं ते सांगा, मग पुढे बोलू.